अक्षरं कुठं मांडायची, फोटो कुठं सुधारायचा

बेळगाव तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४३, पतसंस्थेत हिशेबाचं काम. गावात दर हिवाळ्यात मराठी साहित्य संमेलन भरतं, संक्रांतीनंतर महिला मंडळाचं हळदीकुंकू असतं, गणपतीत स्पर्धा असतात. या सगळ्याची निमंत्रणं आणि पोस्टर त्या हौसेनं मोबाईलवरच्या ॲपमध्ये करतात. गेल्या खेपेला संमेलनाचं पोस्टर ए-थ्री आकारात छापून आलं ते धुरकट. छापखान्यानं फाइलला दोष दिला आणि मंडळानं ताईंना. भाचा म्हणतो, "आत्या, फोटोशॉप न्हाई तर ह्यात काय अर्थ न्हाई." ओळखीतला एक जण ३०० रुपयांत पेनड्राइव्हवरून ते 'टाकून' द्यायला तयार आहे. शहरात तीन महिन्यांचा क्लासही आहे. ताईंनी गिंप हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर उतरवून पाहिलं, पण "ब्रश फिरवते तर काहीच उमटत नाही" म्हणून पहिल्याच संध्याकाळी बंद केलं. शेजारच्या दुकानदाराला त्यांच्याकडून कन्नड-मराठी पाटीही करून हवी आहे. त्यांचे प्रश्न असे: सॉफ्टवेअर कुठलं घेऊ, क्लास लावू का, चित्रकला येत नाही तर जमेल का, ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप चालेल का. पत्राच्या शेवटी, जरा बिचकत, आणखी एक: पोस्टरच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव घालावं का?

ताई, आधी त्या धुरकट पोस्टरचा छडा लावू. तुमचे निम्मे प्रश्न तिथंच सुटतात.

मोबाईलवरची ॲप पडद्यासाठी चित्र करतात. तुम्ही लिहिलंय की चित्राचा आकार १०८० बाय १३५० पिक्सेल, म्हणजे ठिपके, होता. ए-थ्री कागद २९७ बाय ४२० मिलिमीटरचा, म्हणजे रुंदीला ११.७ इंच. १०८० ठिपके ११.७ इंचांत पसरले की इंचाला जेमतेम ९२ येतात. हातात धरून वाचायच्या छपाईला इंचाला ३०० लागतात. ए-थ्रीसाठी हे गणित ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल असं होतं. वर तुम्ही फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलीत, त्यामुळे ती आणखी दाबली गेली आणि अक्षरांच्या कडांना ते मुंग्या लागल्यासारखे डाग आले. व्हॉट्सॲपवरून पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते. आणखी एक फसगत सांगून ठेवते: छपाईच्या आधी कुणी फाइलमधला 'इंचाला ७२ ठिपके' हा आकडा बदलून ३०० केला म्हणजे चित्र सुधारत नाही. ठिपके तेवढेच राहतात. सॉफ्टवेअरनं मधले ठिपके अंदाजानं भरले तरी नवा तपशील येत नाही, अक्षरांच्या कडा मऊच राहतात.

म्हणजे हीच फाइल फोटोशॉपमध्ये याच आकारात केली असती तरी अशीच छापून आली असती. भाच्याला हे जरूर सांगा.

आता तुमच्या पोस्टरकडे पुन्हा बघा. अध्यक्षांचा एक फोटो आहे, पाठीमागे रंग आहे, एक वेलबुट्टी आहे. बाकी सगळी अक्षरं: संमेलनाचं नाव, तारीख, सत्रं, वक्ते, स्थळ, स्वागतोत्सुक मंडळी. तुम्ही पत्रभर 'फोटो एडिटिंग' म्हणताय, पण तुमचं काम बारा आणे अक्षरं मांडण्याचं आहे. ही दोन कामं वेगळी आहेत आणि त्यांची हत्यारंही वेगळी आहेत. फोटोचं चित्र म्हणजे रांगोळीचे कण. अंगण मोठं झालं की कण विरळ होतात. दुसऱ्या प्रकारात कण नसतात, ठिपके कसे जोडायचे याची कृती साठवलेली असते. मग ती रांगोळी उंबऱ्यापाशी काढा नाहीतर देवळासमोर, रेघ तेवढीच स्वच्छ. याला व्हेक्टर म्हणतात. अक्षरं व्हेक्टरमध्येच ठेवायची.

म्हणून माझं मत असं: फोटो गिंपमध्ये सुधारा आणि पोस्टर इंकस्केप या व्हेक्टरच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडा. दोन्ही फुकट आहेत, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, आणि त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवा. एकाच सॉफ्टवेअरमध्ये सगळं करायचा हट्ट धरला की नवशिक्याचा दम निघतो. फोटोशॉप वाईट नाही, पण त्याचं वर्गणीचं ओझं हौसेच्या कामाला कशाला? शिवाय त्याच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी तुटते: 'कि'ची वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी होतात. त्यापुढच्या काही आवृत्त्यांत 'प्रेफरन्सेस'च्या टाइप विभागात 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' हा पर्याय निवडावा लागायचा. हे माहीत नसल्यानं कित्येक जण अजून मराठी तुटक्याच अक्षरांत लावतात.

त्या ३०० रुपयांच्या पेनड्राइव्हला मात्र हात लावू नका. परवान्याचा मुद्दा आहेच. पण तुम्ही त्याच लॅपटॉपवर पतसंस्थेचे हिशेब बघता असं लिहिलंय. चोरीची प्रत टाकताना पहिली सूचना असते 'अँटिव्हायरस बंद करा'. दुसऱ्यांच्या ठेवींचे आकडे असलेल्या यंत्रावर हे करायचं?

गिंपमध्ये ब्रश फिरवूनही काही उमटत नाही, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक नवशिक्याची असते. गिंप बिघडलेलं नसतं. बहुतेक वेळा कारण चारांपैकी एक असतं. चित्रात कुठंतरी छोटासा भाग 'सिलेक्ट' होऊन राहिलेला असतो आणि ब्रश फक्त तेवढ्यातच चालतो. कंट्रोल-शिफ्ट-ए दाबा, निवड सुटते. किंवा तुम्ही भलत्याच लेअरवर, म्हणजे चित्राच्या थरावर, रंगवत असता, आणि तो वरच्या लेअरखाली झाकलेला असतो. किंवा लेअरच कागदापेक्षा लहान असतो. त्याची हद्द पिवळ्या तुटक रेषेनं दिसते, तिच्या बाहेर काहीच उमटत नाही. अशा वेळी लेअर मेन्यूत 'लेअर टू इमेज साइज' करा. चौथं कारण म्हणजे लेअरऐवजी त्याचा मास्क, म्हणजे थराचा कुठला भाग दिसेल हे ठरवणारं झाकण, निवडलेलं असणं.

लेअर म्हणजे काय हे गणपतीचं मखर मांडणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मागं पडदा, पुढं कमान, मग मूर्ती, मूर्तीवर हार. हार बदलायचा तर पडदा काढावा लागत नाही. फक्त प्रत्येक थराला नाव द्या. 'लेअर कॉपी #३' असे सात थर झाले की आपलंच मखर आपल्याला ओळखू येत नाही.

तुमचं गिंपमधलं मुख्य काम म्हणजे लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून अध्यक्षांना अलगद बाहेर काढणं. ते खोडरबरानं करू नका. खोडलेलं उद्या परत आणता येत नाही. आधी 'कलर्स'मध्ये 'लेव्हल्स' उघडा. तिथं डोंगरासारखा आलेख दिसेल. डावीकडचा काळा त्रिकोण डोंगर जिथं सुरू होतो तिथं आणा, उजवीकडचा पांढरा जिथं संपतो तिथं. मंडपातल्या पिवळट दिव्यातले निम्मे फोटो एवढ्यानंच उजळतात. मग लेअरला 'अल्फा चॅनल' जोडा. तो नसेल तर पार्श्वभूमी कापल्यावर पारदर्शक जागेऐवजी पांढरा रंग भरतो. पाथ टूलनं खांदे, फेटा, चेहरा यांच्या कडेनं बिंदू टाकत जा, कडेच्या किंचित आतून. पाथवरून निवड करा, ती एक पिक्सेलनं 'श्रिंक' (आत घेणं) आणि एक-दोन पिक्सेलनं 'फेदर' (कड मऊ करणं) करा. हे गाळलं की माणसाभोवती जुन्या भिंतीची फिकट कड उरते आणि फोटो चिकटवल्यासारखा दिसतो. आता लेअरवर राइट क्लिक करून मास्क जोडा, 'सिलेक्शन' हा पर्याय घ्या. मास्कवर काळा ब्रश लपवतो, पांढरा परत दाखवतो. केसांच्या बटांसाठी मऊ कडेचा, कमी अपारदर्शकतेचा ब्रश. इथं घाई करू नका. पंधरा मिनिटं केसांनाच जातात, आणि बघणाऱ्याचं लक्ष नेमकं तिथंच जातं. धार आणायचं 'शार्पन' सगळ्यात शेवटी, थोडंसं.

मग 'एक्स्पोर्ट ॲज' करून पीएनजी काढा. जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही, पांढरा चौकोन येतो. आणि 'सेव्ह' केलेली एक्ससीएफ फाइलही जपा, थर तिच्यातच असतात. फक्त पीएनजी ठेवलीत तर पुढच्या वर्षी पुन्हा केसांपासून सुरुवात.

जुना कृष्णधवल फोटो असेल तर त्याचा मोबाईलनं फोटो काढण्याऐवजी स्कॅन करा. मूळ आकारात छापायचा असेल तर ३०० डीपीआय (इंचाला ठिपके), दुप्पट करायचा असेल तर ६००.

आता इंकस्केप. 'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज'मध्ये एकक मिलिमीटर, आकार ए-थ्री. पट्टीवरून मार्गदर्शक रेषा ओढून चारी बाजूंनी १० मिलिमीटर आत लावा. महत्त्वाचं अक्षर या रेषेबाहेर जाऊ देऊ नका. पाठीमागचा रंग मात्र कागदाच्या बाहेर तीन-तीन मिलिमीटर जाऊ द्या, म्हणजे ३०३ बाय ४२६ चा आयत. कटिंग केसभर सरकलं तरी पांढरी पट्टी दिसत नाही. फोटो आणताना 'एम्बेड' निवडा. 'लिंक' ठेवलात आणि फोटोचं फोल्डर हललं, तर छापखान्यात पोचल्यावर अध्यक्षांच्या जागी लाल फुली दिसेल.

मराठी टाइप करायला विंडोजमध्ये मराठी भाषा जोडा. इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक येत नसेल तर उच्चाराप्रमाणे टाइप करायचा फोनेटिक कळफलक घ्या. फाँट युनिकोडचाच हवा, म्हणजे मजकूर कुठल्याही यंत्रावर मराठीच राहतो. छापखान्यांत जुने श्रीलिपीसारख्या पद्धतीचे फाँट अजून चालतात. त्यांतला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते, तो तुमच्या कामाचा नाही. 'मुक्त', 'बालू', 'नोटो सान्स देवनागरी' हे फाँट फुकट आणि भरवशाचे. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हवा असेल तर टीरो देवनागरी मराठी बघा, तो मराठीसाठीच घडवलाय. काही फाँटांत मराठी वळण आत दडलेलं असतं आणि भाषा 'मराठी' अशी कळवली तरच ते बाहेर येतं. गिंपच्या टेक्स्ट टूलमध्ये त्यासाठी भाषेचा रकाना आहे.

देवनागरी मांडताना चार गोष्टी हटकून बिघडतात. शीर्षक लांबवायला अक्षरांतलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. रुंद हवं तर रुंद फाँट घ्या. दुसरं, अक्षरांना बाहेरून कड दिली की जोडांवर आतल्या रेघा उमटतात, कारण प्रत्येक अक्षराचा आकार वेगळा असतो आणि शिरोरेघेशी ते एकमेकांवर चढलेले असतात. शीर्षकाची एक प्रत काढा, तिला 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, गट सोडा, 'युनियन' करून एकसंध करा, मग कड द्या. कड भरलेल्या रंगाच्या मागं जाईल असा क्रमही लावा, नाहीतर अक्षरांची पोटं बुजतात. तिसरं, ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त हवं, १.४ पट तरी. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत अडकायला नकोत. चौथं म्हणजे ऱ्या. 'दुसऱ्या' लिहिताना साधा र घेऊन पाय मोडला तर 'दुसर्या' होतं. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे दाबून ऱ घ्या, मग हलन्त, मग य. हे नुसतं शुद्धलेखन नाही. साहित्य संमेलनाच्या पत्रिकेत 'आचार्यांचा सत्कार' असेल आणि उलट चूक होऊन 'आचाऱ्यांचा' छापलं गेलं, तर स्वयंपाक्यांना शाल-श्रीफळ द्यावं लागेल. (तसं ते त्यांनाही मिळायला हरकत नाही.)

आपल्या भागात एकाच कार्डावर मराठी आणि कन्नड दोन्ही येतात. दोन लिप्यांना दोन भलतेच फाँट लावले की पाहुणे वेगवेगळ्या लग्नांना आल्यासारखे दिसतात. 'अनेक देवनागरी' आणि 'अनेक कन्नड' या नावाचे फाँट ही एकाच कुटुंबातली जोडी आहे, बालूचंही कन्नड भावंड आहे, बालू तम्मा. जाडी सारखी ठेवा, पण आकार आकड्यावर न जाता डोळ्यानं जुळवा. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग, ओत्तक्षर, खाली लोंबतो, तेव्हा त्या ओळींना खाली आणखी जागा सोडा. कन्नड मजकूर कन्नड वाचणाऱ्याकडून तपासून घ्या, तोही मांडणी झाल्यावर. मूळ मजकूर बरोबर असला तरी चिकटवताना अक्षर निसटू शकतं.

शेजाऱ्याच्या पाटीबद्दल. दुकानाच्या पाटीवर कन्नड ६० टक्के असावी असा कर्नाटकचा २०२४ चा दुरुस्ती कायदा आहे. तेव्हा मांडणी सुरू करतानाच जागा त्या हिशेबानं वाटून घ्या, नंतर कन्नड घुसवायला गेलात की दोन्हींची दाटी होते. फ्लेक्सच्या फंदात पडू नका, कर्नाटकच्या २०१६ च्या प्लास्टिकबंदीत फ्लेक्स आणि बॅनर येतात. संमेलनाच्या फलकालाही कापड बरं. मोठा फलक लांबून बघतात, म्हणून तिथल्या फोटोला इंचाला १०० ठिपके पुरतात. तीन बाय दोन फुटांसाठी ३६०० बाय २४०० पिक्सेल.

रंगाची एक निराशा आधीच पचवून ठेवा. पडद्यावर उजेडानं दिसणारा भगवा कागदावर शाईनं तसा येत नाही, जरा मावळतो. चमकदार निळा तर जांभळटच होतो. इंकस्केप पडद्याच्या रंगांत फाइल देतं आणि छापखाना तिचे चार शाईंत रूपांतर करतो. म्हणून १०० प्रतींआधी एक नमुना प्रत मागा आणि ती दिवसाउजेडी बघा. बारीक मजकूर नुसत्या काळ्या शाईत हवा असं सांगून ठेवा. चारही शाया मिसळलेलं काळं छापताना केसभर सरकलं तर अक्षराला रंगीत सावली येते.

छापखान्यात तुम्हाला 'कर्व्ह करून आणा' म्हणतील. त्याचा अर्थ एवढाच की अक्षरं आकारांत बदलून आणा, म्हणजे त्यांच्याकडं तुमचा फाँट नसला किंवा त्यांचं कोरलड्रॉ हे मांडणीचं सॉफ्टवेअर जुनं असलं तरी काही तुटणार नाही. इंकस्केपमधून पीडीएफ काढताना 'कन्व्हर्ट टेक्स्ट टू पाथ्स' निवडा. इंकस्केपची मूळ एसव्हीजी फाइल अक्षरांसकट वेगळी ठेवा, कारण कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये वक्त्याचं नाव बदलता येत नाही, आणि संमेलनाच्या आदल्या आठवड्यात एक तरी वक्ता बदलतोच.

क्लासचं म्हणाल तर तो बहुधा कोरलड्रॉचा असेल, छापखान्यांत तेच चालतं. डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करण्याची, नोकरी करायची असेल तर जरूर लावा. हौसेपुरतं आहे तर पैसे राखा. लॅपटॉपही बदलू नका. ए-थ्रीच्या आकाराचा गिंपमधला एक लेअर सुमारे ७० एमबी जागा घेतो, म्हणजे पाचसहा लेअर तुमच्या ४ जीबीत बसतात, फक्त त्या वेळी ब्राउझर बंद ठेवा. आणि नुसतं व्हॉट्सॲपवर फिरवायचं शुभेच्छापत्र असेल तर मोबाईलचं ॲप पुरे, त्यात कमीपणा काही नाही.

चित्रकला लागत नाही. ताट वाढता येतं ना? मीठ-लिंबू कुठं, वरण कुठं, आणि मध्ये थोडी जागा मोकळी. तुमच्या पोस्टरवर ती मोकळी जागाच नाही. चार प्रकारचे फाँट आणि सहा रंग आहेत. एक फाँट त्याच्या दोनतीन जाड्यांत, दोन रंग, आणि तारीख-स्थळ शीर्षकाच्या खालोखाल मोठं, एवढं करून बघा.

सरावाला नवं काही सुचायची वाट बघू नका. घरात पडलेली एखादी जुनी लग्नपत्रिका घ्या, शक्यतो मराठी-कन्नड दोन्ही असलेली. पट्टीनं समास, अक्षरांची उंची, ओळींतलं अंतर मोजा आणि ती इंकस्केपमध्ये जशीच्या तशी उतरवा. तीनचार संध्याकाळी जातील. ती घरच्या प्रिंटरवर १०० टक्के आकारात काढून मूळ पत्रिकेवर ठेवून उजेडात धरा, कुठं चुकलं ते लगेच दिसतं. त्यानंतर हळदीकुंकवाचं कार्ड, आणि मगच संमेलनाचं पोस्टर.

कोपऱ्यातल्या नावाचं विचारलंत. घाला की. ७ पॉइंटांपेक्षा लहान नको, मात्रा शाईनं भरून जातात. आणि कडेपासून १० मिलिमीटरच्या रेषेच्या आतच, नाहीतर कटिंगमध्ये पहिल्यांदा तेच जाईल.